स्वप्नात दिलेला शब्द

गॅसवाल्याने बेल वाजवली तेव्हा मी कल्याणच्या आसपास पाच हजार फुटांवर होते. नागपूरहून निघालेलं विमान, रांगेत पुढे दोघं, मागे चौघं. मुंबईच्या कंट्रोलरने वेग १८० नॉट्सवर आणायला सांगितला होता, तो आकडा मी परत म्हणून दाखवला होता. धावपट्टीच्या रेषेत आलात की कळवा, असंही तो म्हणाला होता आणि त्यावर मी ‘विल्को’ म्हटलं होतं. मग बेल वाजली. मी पॉजचं बटण दाबलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दार उघडायला गेले.

घर घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात, तिसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटर भाच्याने त्याचा जुना आणून बसवून दिलेला. विमान, ढग, खाली दिसणारी उल्हास नदी, सगळं त्या पडद्यावरचं. गॅसवाला खरा होता, सिलिंडर खरा होता, ज्यात ओटीपी सापडत नव्हता तो मोबाइल खरा होता. सिलिंडर आत घेतला, सील पाहिलं, वजन करून घेतलं, शेजारच्या वहिनींनी दारातच दोन गोष्टी विचारल्या. परत येऊन बसले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि संपर्क तोडल्याची सूचना पडद्यावर आली होती.

मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. खेळ बंद पडला, पुन्हा सुरू करू. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. ‘मावशी, तू बरी आहेस ना?’

तो माझ्याच मागे, त्याच रांगेत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझं विमान डोंबिवलीच्या वर हवेत खिळल्यासारखं उभं राहिलं. कंट्रोलरने मला सात वेळा हाक मारली, पूर्ण कॉलसाइन घेऊन, सावकाश, दर वेळी उत्तराला जागा ठेवून. मागच्या दोघांना त्याने वळवून बाजूला नेलं, भाच्याला वर चढवून घिरट्या घालायला लावल्या. आणि मग ठरीव बोलणं सोडून त्याने लहरीवरच्या सगळ्यांना विचारलं, या बाईंना कुणी ओळखतं का? आवाज वयस्कर वाटत होता, काही झालं तर नसेल ना?

हे ऐकल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. भाचा म्हणाला, ‘जाऊ दे ग, गेमच आहे तो.’ पण त्याचाही आवाज उतरलेला होता. विमान खोटं होतं हे त्या कंट्रोलर मुलाला माहीत होतं, मला माहीत होतं, रांगेतल्या बाकी सहाही जणांना माहीत होतं. तरीही मी ‘विल्को’ म्हटलं होतं. तुम्ही सांगता ते मी ऐकलं, समजले आणि तसं करीन, असा त्या एका शब्दाचा अर्थ. खोट्या विमानात बसून दिलेला हा शब्द खरा होता का? मोडला तर पाप कुठल्या खात्यावर? प्रश्न लहान दिसतो. माझ्यासाठी तो तेव्हापासून लहान राहिलेला नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याची सोय बरीच जुनी आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला, तेव्हा टाळेबंदीमुळे सगळे घरात होते. वर्षभरापूर्वीच मी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली होती. भाच्याने कॉम्प्युटर बसवून दिला आणि पहिल्यांदा मला वरून घाटकोपर दाखवलं. स्टेशन, मेट्रोचा पूल, खाडी, मिठागरं. त्या आभाळात मी एकटीच होते. काही महिन्यांनी त्याने मला व्हॅटसिमवर नेलं. व्हॅटसिम २००१ पासून चालू आहे, तसंच इव्हाओ हे दुसरं जाळं १९९८ पासून. जगभरचे हौशी लोक इंटरनेटवरून एकाच आभाळात येतात. कुणी वैमानिक होतं, कुणी कंट्रोलर. कंट्रोलर व्हायचं तर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्याव्या लागतात, वरच्या जागेसाठी पुन्हा नव्या. पैसा कुणालाच मिळत नाही. बोलणं मात्र खऱ्या विमानतळावर चालतं तसंच, त्याच शब्दांत.

हे बोलणं पहिल्यांदा कानावर पडलं आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. त्याचं कारण माझी नोकरी. मी १९८० साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक कॉल आठवणाऱ्यांना सांगायला नको. १८० फिरवायचा, नंबर नोंदवायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि मग फोनपाशी वाट बघत बसायचं. आमच्यासमोर बोर्ड, कानाला हेडसेट, हातात कॉलची तिकिटं. ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ करत नावं उलगडायची. विमानवाले ब्राव्हो आणि डेल्टा म्हणतात, फरक तेवढाच. ते नाइनला ‘नाइनर’ म्हणतात, कारण खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात. आम्हीही पाच आणि नऊ दोनदा उच्चारायचो. लाइनवर कुणाला तरी ताटकळत सोडून उठून जायचं नाही, हा आमचा पहिला धडा होता. एकोणचाळीस वर्षं तो पाळला आणि गॅसच्या सिलिंडरसाठी मोडला.

कंट्रोलरने सांगितलेलं परत म्हणून दाखवणं, ज्याला ते रीडबॅक म्हणतात, ते मला संथेसारखं वाटतं. माझे आजोबा वेदपाठशाळेत शिकलेले होते. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं तसंच्या तसं दोनदा म्हणतात, स्वर हलला तर गुरुजी मांडीवरचा हात थांबवतात. मुलं म्हणत असताना गुरुजींनी ऐकायचं असतं, हा त्यातला अर्धा भाग. कंट्रोलरचंही तसंच. तुम्ही परत म्हणत असताना तो दुसरं काम करत असेल तर ती संथा झालीच नाही. वेद जपायला पद, क्रम, जटा, घन असे पाठ लागले, कारण शब्द जसाच्या तसा एका तोंडातून दुसऱ्या कानात उतरणं किती अवघड आहे हे त्या लोकांना ठाऊक होतं.

मला ते १९८३ मध्ये ठाऊक झालं. रात्रपाळी होती. भांडुपचा एक माणूस कणकवलीजवळच्या त्याच्या गावी पीपी कॉल लावून मागत होता, गावातल्या दुकानात फोन होता. लाइन अतिशय खराब. तिकडचं मला ऐकू येत होतं, त्याला येत नव्हतं. अशा वेळी आम्ही मध्ये बोलून निरोप पोचवायचो. दुकानदार म्हणाला, ‘आबा गेले. सकाळीच गेले.’ मी ते जसंच्या तसं पुढे सांगितलं. पलीकडे काही क्षण शांतता आणि मग फोन ठेवल्याचा आवाज.

दुसऱ्या रात्री तोच नंबर माझ्या हातातल्या तिकिटावर पुन्हा आला. मी न राहवून विचारलं. तो म्हणाला, रात्रभर घरात रडारड चालली होती, दादर-परळचे नातेवाईक जमले होते, पहाटेच्या गाडीने निघायचं ठरत होतं. आणि सकाळी आबा स्वतः नारळांचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढून आले. एसटीने मुंबईला यायला निघाले होते, म्हणून ‘गेले’. त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता. ‘बाई, तुमचं काही चुकलं नाही,’ तो म्हणाला, ‘तुम्ही सांगितलं ते बरोबरच होतं.’ हेच मला जास्त लागलं. मी शब्द अचूक दिला होता आणि तरी एका घराला रात्रभर रडवलं होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत ‘गेले’ शब्द आला की मी विचारत असे, ‘कुठे गेले?’

टेनेरीफच्या अपघाताविषयी भाच्याने सांगितलं तेव्हा मला आबाच आठवले. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचा एक लहान विमानतळ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जंबो विमानं. केएलएमच्या विमानातून सांगितलं गेलं की आम्ही आता टेक-ऑफला आहोत. कंट्रोलरला वाटलं, टेक-ऑफच्या जागी उभे आहेत. ते तर धावू लागले होते. कंट्रोलर ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि पुढे म्हणाला, थांबा, मी सांगेन. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा माणूसही बोलला की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एका लहरीवर दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं एकमेकांत विरतं आणि फक्त चिरकी शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं ते एकटं ‘ओके’. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा जगभर दंडक झाला. एका शब्दाला सोवळ्यात ठेवलं, असं मी म्हणते. देवघरातलं तांब्याचं भांडं जसं चहाला वापरत नाहीत.

घरच्या खेळातही हा दंडक पाळतात. व्हॅटसिमने २०१९ साली आवाजाची नवी व्यवस्था आणली, तिच्यात दोघं एकदम बोलले तर तशीच शिट्टी येते, लांबच्या विमानाचा आवाज तसाच विरळ होतो. मला पहिल्यांदा ती शिट्टी ऐकू आली तेव्हा काटा आला. कुणाच्याही जिवाला धोका नव्हता. पण ५८३ माणसांच्या मरणातून आलेली शिस्त इथे कुणी तरी, काही मिळत नसताना, निगुतीने पाळत होतं.

दर रविवारी सकाळी मी आमच्याकडच्या गणपती मंदिरामागच्या हॉलमध्ये पंचदशीच्या वर्गाला जाते. विद्यारण्यांचा हा चौदाव्या शतकातला ग्रंथ, पंधरा प्रकरणांचा. आम्ही पंधरा-वीस जण असतो, बहुतेक निवृत्त. आमचा हॉल मुख्य धावपट्टीच्या वाटेतच येतो. पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपरवर येतात तेव्हा पाचशे-सहाशे फुटांवर असतात, चाकं बाहेर, पोटावरची अक्षरं वाचता येतील इतकी जवळ. दर दोन-तीन मिनिटांनी शिकवणारे शास्त्रीबुवा वाक्य अर्धं सोडतात, विमान कुर्ल्याकडे जाऊ देतात आणि पुढचा शब्द बरोबर तिथूनच उचलतात. घाटकोपरची सगळी घरं अशीच बोलतात. भांडणंसुद्धा मध्ये थांबतात.

ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात एक दृष्टान्त आहे. एकाचा मुलगा दूरदेशी गेलेला आहे, सुखरूप आहे. कुणी लबाड येऊन सांगतो की तुमचा मुलगा वारला, आणि बाप रडतो. उलट, मुलगा खरोखर तिथे वारला पण बातमी आली नाही, तर बाप रडत नाही. विद्यारण्यांना यातून सांगायचं आहे की एक मुलगा ईश्वराने निर्माण केलेला आणि एक बापाच्या मनाने. सुखदुःखाला बांधतो तो दुसरा. शास्त्रीबुवांनी हे सांगितलं त्या रविवारी मी वर्गात आबांची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ताई, विद्यारण्यांना तुमचं एक्स्चेंज दाखवायला हवं होतं.’

पुढे मी त्यांना माझ्या अकरा मिनिटांबद्दलही विचारलं. त्यांनी तीन सत्ता पुन्हा उलगडल्या. ब्रह्म ते पारमार्थिक. आपण रोज वावरतो, दूध आणतो, लाइटबिल भरतो ते व्यावहारिक. दोरीवर दिसलेला साप, शिंपल्यात दिसलेली चांदी, स्वप्न, हे प्रातिभासिक. ‘तुमचं विमान तिसऱ्यात,’ ते म्हणाले. ‘स्वप्नात केलेल्या दानाचं पुण्य नाही, स्वप्नात केलेल्या चोरीला शिक्षा नाही.’

डोळा फसतो हे मला मान्य आहे. त्याचं उदाहरण आपल्या उपनगरातच आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं. धावपट्टी संपली तरी ते थांबेना. माणसं वाचली हे नशीब. शिंपल्यात चांदी दिसणं म्हणजे काय हे जुहूइतकं चांगलं कुठे समजणार? पण माझी अडचण डोळ्याची नव्हती. माझी अडचण कानाची होती.

अद्वैताच्या एका शाखेत दृष्टिसृष्टिवाद म्हणून मत आहे. सोळाव्या शतकातल्या प्रकाशानंदांनी ते जोराने मांडलं. मी पाहते तेवढ्यापुरती आणि तोवरच सृष्टी आहे, मी पाहणं थांबवलं की ती नाही. काहींनी पुढे जाऊन म्हटलं की जीव एकच आहे, बाकीचे सगळे त्याच्या स्वप्नातले. वर्गात हे कुणाला पटलं नाही. मला मात्र ते रोज संध्याकाळी दिसतं. भाच्याने समजावलं होतं की कॉम्प्युटर माझी नजर जिकडे असेल तेवढंच रंगवतो. मी पश्चिमेला पाहिलं की पूर्वेचे डोंगर त्याच्या लेखी नसतातच. एकटीने उडवताना तो वाद शब्दशः खरा असतो. मी पॉज दाबला की ढग थांबतात, समुद्र थांबतो, वेळ थांबतो. त्या जगात मी एकमेव जीव, आणि खरं सांगते, त्या एकटेपणात मी पूर्वी रडलेही आहे.

जाळ्यावर पहिल्यांदा गेले त्या रात्री माझ्याशी कुणीही बोललं नाही. मी विमान स्टँडवरच ठेवून नुसती ऐकत होते. एक जण दोह्याला निघाला होता, त्याला वाट बदलून मिळाली आणि ती त्याला पटत नव्हती. एक मुलगी कोचीहून उतरत होती, तिला वेग कमी करायला उशीर झाला. कुणी तरी ‘गुड नाइट’ म्हणून पुढच्या लहरीवर गेला. पूर्वी फोनवर क्रॉस कनेक्शन लागायचं आणि अनोळखी घरातलं बोलणं कानावर पडायचं, तसं. यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता, आणि म्हणूनच पहिल्यांदा ते आभाळ मला आभाळ वाटलं. माझ्याशिवाय चालणारं. खऱ्या टॉवरचं बोलणं ऐकायला आपल्याकडे परवाना लागतो, रेडिओचं लायसन्स पोस्टात भरलेल्या माझ्या पिढीला त्याचं नवल नाही. त्या वाटेला मी गेले नाही. डोक्यावरून जाणाऱ्या विमानांत काय बोलत असतील याचा अंदाज मला जाळ्यावरच्या या मुलांमुळे आला.

हेच बोलणं यंत्रानेही तयार करता येतं. भाच्याने मध्यंतरी एक प्रोग्रॅम टाकून दिला. त्यात कंट्रोलर कॉम्प्युटरचा, इतर वैमानिकांची बडबडही कॉम्प्युटरची, वेगवेगळ्या देशांच्या उच्चारांत. आवाज इतके हुबेहूब की पहिला तासभर मी थक्क झाले. मग हळूहळू कळलं की तो दोह्याला निघालेला माणूस माझ्यासाठीच दोह्याला निघालाय. मी उठले की तो नाही. आमच्या मंदिरात आरतीला मोटरवर चालणारा नगारा आणि घंटा आहे. बटण दाबलं की ढम-ढम, टण-टण, एकाच चालीत, कुणाचा हात दुखत नाही, कुणी मागे पडत नाही. माणसं कमी येतात म्हणून तो आणला आणि मी त्याला नावं ठेवत नाही, रिकाम्या देवळापेक्षा तो बरा. पण शेजारची आजी टाळ्या वाजवताना मागे पडते आणि आपण तिच्यासाठी चाल धरून ठेवतो, ते त्या नगाऱ्यात नाही. यंत्राचा नगारा आपल्यासाठी थांबत नाही आणि आपल्याला कुणासाठी थांबायला लावत नाही. मी तो प्रोग्रॅम काढून टाकला.

सात वेळा हाक मारणारा मुलगा पॉजच्या बटणाने थांबला नव्हता. माझ्यापुरतं तेच प्रमाण आहे. माझं विमान मी थांबवू शकले, ढग थांबवू शकले, पण त्याची काळजी थांबली नाही, उलट वाढत गेली. जे माझ्या बटणाने थांबत नाही ते माझ्या स्वप्नातलं कसं असेल?

शास्त्रीबुवांच्या म्हणण्यावर मी महिनाभर विचार करत होते. उत्तर सुचलं ते ज्या गोष्टीवर लहानपणी माझा राग होता तिच्यातून. राजा हरिश्चंद्र. आपल्याकडे सांगतात त्या कथेत तो स्वप्नात विश्वामित्राला राज्य देऊन टाकतो, सकाळी ऋषी दारात उभे राहतात आणि राजा राज्य सोडून बायको-मुलाला घेऊन निघतो, पुढे स्मशानात राबतो. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मी चिडायचे. स्वप्नातलं बोलणं कसलं धरून बसायचं? त्या मुलाचा, रोहितासाचा, काय दोष? आजी म्हणायची, शब्द तो शब्द. मला ते पटत नव्हतं, आणि नुसतं ‘शब्द तो शब्द’ आजही पटत नाही. एकट्याने पाहिलेल्या स्वप्नात मी साऱ्या पृथ्वीचं दान केलं तरी त्याचं कुणाला काय?

पण कथेत सकाळी दाराशी कोण आलं? विश्वामित्र आले. म्हणजे ते स्वप्न त्यांनीही पाहिलं होतं. राज्य दिल्याचं त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या कुणी ऐकलं की स्वप्नाची भिंत तिथे पडते. राज्य खोटं असेल, सिंहासन खोटं असेल, पण देणाऱ्याचं तोंड आणि घेणाऱ्याचा कान, या दोन टोकांमधली तार खरी. मी शास्त्रीबुवांना हे सांगितलं. ते म्हणाले, व्यवहारही शेवटी मिथ्याच. मी म्हटलं, शेवटी असेल, पण मधल्या काळात माझ्यामागची माणसं हवेत ताटकळली होती. ते हसले नाहीत. एक विमान गेलं, ते जाईपर्यंत आम्ही दोघं थांबलो, आणि मग ते म्हणाले की शंकराचार्यांनीही व्यवहारात व्यवहार पाळायलाच सांगितलंय.

कंट्रोलर मुलाला मी त्या अकरा मिनिटांनंतर त्याच आठवड्यात माफीचा निरोप लिहिला होता. भाच्याने त्याचा पत्ता लावून दिला, नाशिकचा आहे, बारावीला. त्याने उत्तर मराठीत पाठवलं. ‘काकू, विमानाचं काही नाही, लोक नेहमीच अचानक जातात. पण तुमचा आवाज तेवढ्यात ऐकला होता आणि मग एकदम काहीच नाही, म्हणून धस्स झालं.’ मी त्याला लिहिलं की उठायचं असेल तर सांगून उठेन. नियमही तसाच आहे, कंट्रोलरच्या ताब्यात असताना विचारल्याशिवाय पॉज करायचा नसतो. मी तो वाचला होता आणि तेव्हा मला तो खेळाचा नियम वाटला होता.

मी खोटी संकटंही खेळत नाही. प्रोग्रॅममध्ये इंजिनाला आग लावायचं बटण असतं. जाळ्यावर अपहरणाचं सोंग करायला साफ बंदी आहे, आणि इतर आणीबाणीही कंट्रोलरने सांगितलं तर तिथल्या तिथे थांबवावी लागते. माझं कारण वेगळं आहे. २८ जून २०१८ ला घाटकोपर पश्चिमेला, जागृती नगरजवळ, जुहूहून चाचणीला उडालेलं एक छोटं विमान भर दुपारी पावसात कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्याने जाणारा एक जण, पाच माणसं गेली. धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. त्या चौघांनी शेवटी कुणाला काही सांगितलं असेल का, ते कुणापर्यंत पोचलं असेल का, हे मी अजून मनात विचारते. संकटात उच्चारायचा ‘मे डे’ हा शब्द मी सोवळ्यात ठेवलाय.

परवाच्या शनिवारी बसण्याआधी वहिनींना सांगून आले की साडेसात ते नऊ बेल वाजवू नका, तातडीचं असेल तर दार ठोका. पुन्हा नागपूरहून मुंबई, पुन्हा तोच नाशिकचा मुलगा. रांगेत मी तिसरी. माझ्या पुढे कुणी तरी अगदी नवीन होता, आवाज कापत होता. त्याला दिशा २४० सांगितली, तो २१० म्हणाला. मुलाने दुरुस्त केलं. तो पुन्हा चुकला. मुलाने पुन्हा म्हटलं, आकडा आकडा तोडून, पहिल्याइतक्याच सावकाश. मागे आम्ही पाच जण होतो, कुणी मध्ये बोललं नाही. तिसऱ्यांदा त्याने बरोबर म्हटलं आणि मुलगा म्हणाला, ‘रीडबॅक करेक्ट.’

तेवढ्यात मी धावपट्टीच्या रेषेत आले. कळवायचं होतं, बोट बटणावर होतं, आणि खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. वरून खरं विमान येत होतं. बटण दाबलं असतं तर तो गडगडाट सगळ्यांच्या कानात गेला असता. मी बोट उचललं. विमान पंतनगरवरून गेलं, स्टेशनवरून गेलं, आवाज कुर्ल्याकडे उतरत गेला. मग बटण दाबलं, कॉलसाइन सांगितली आणि म्हटलं, ‘एस्टॅब्लिश्ड, रनवे टू सेव्हन.’